पाच हिरव्या दोऱ्यांची गोष्ट

समस्त आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि ज्यांनी ज्यांनी आमच्या घरी एकदा तरी चहा घेतला आहे अशा सर्व सज्जनांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की माझा विश्वासघात झालेला आहे. साधासुधा नाही. रंगीत, सचित्र, सोळा पानी, वर प्लास्टिकचं कव्हर घातलेला. गुन्हेगार तीन. त्यांतले दोघे माझ्याच हातच्या पोळ्या खातात आणि तिसरीच्या हातचं लोणचं मी खाते, त्यामुळे पोलिसांत जाण्यात अर्थ नाही. म्हणून ही तक्रार वाचकांच्या दरबारात मांडते आहे. निकाल देताना एवढंच लक्षात असू द्या, की फिर्यादी बाई स्वभावाने अत्यंत सज्जन आहे. निदान पहिली दोन पानं तरी.

सुरुवात माझ्या मुलीच्या शाळेतून झाली. ती सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीसाठी मराठीच्या मॅडमनी प्रकल्प दिला : बालवाडीतल्या मुलांसाठी गोष्टीचं पुस्तक तयार करा. गोष्ट विद्यार्थ्याने स्वतः लिहायची, तीही घरात घडलेल्या खऱ्या प्रसंगावरून. चित्रं मात्र नात्यातल्या एका मोठ्या माणसाने काढायची. सुट्टीनंतर शाळेत कार्यक्रम होईल, तिथे दोघांनी मिळून बालवाडीसमोर पुस्तक वाचून दाखवायचं.

तो कागद वाचून मला भरून आलं. कचेरीत आवक-जावक सांभाळून सांभाळून माझ्यातली कलावंतीण वीस वर्षं फायलींखाली दबून पडली होती, तिने टुणकन उडी मारली. नात्यातलं मोठं माणूस म्हणजे दुसरं कोण? नवऱ्याला पट्टी लावूनसुद्धा सरळ रेघ येत नाही. मी त्याच संध्याकाळी आमच्या जालन्यातल्या मस्तगड भागातल्या दुकानात गेले आणि जाड कागद, तीन आकारांचे ब्रश आणि पोस्टर रंगांच्या बारा बाटल्यांचा खोका घेऊन आले. हात बसावा म्हणून एक बैल काढला. मुलीने तो बराच वेळ पाहिला.

"आई, हे काय आहे?"

"बैल आहे."

"झोपलाय का?"

"उभा आहे! चांगला चार पायांवर उभा आहे."

"अच्छा. मला सोफा वाटला." मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, डॉक्टर लोक वाईट बातमी देताना ठेवतात तसा. "चित्रं मी मावशीकडून काढून घेणार आहे."

मावशी म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मी तिला आक्का म्हणते. तिला हसनाबादला दिली आहे, घरची शेती आहे. तिकडे कुणाच्या घरी लग्न निघालं की दारावरच्या भिंतीवर गणपती काढायला तिलाच बोलावतात. गेरू, चुना आणि काडीला गुंडाळलेला कापूस, एवढ्यावर ती असा गणपती काढते की नवरदेव बाजूला राहतो आणि लोक भिंतीचे फोटो काढतात. तेव्हा मुलीची निवड चुकली असं मी म्हणणार नाही. पण बैलाला सोफा म्हणायची गरज नव्हती.

"बरं बाई," मी म्हटलं. "मंग गोष्ट तरी माझ्याकडून घे. मी चोर पकडला तेव्हाची घे."

"तो कुत्रा होता, आई."

"अंधारात होता."

"गोष्ट ठरलीये माझी. लिहूनपण झाली."

"कोणती?"

"सरप्राइज."

दोन दिवसांनी माझा नवरा अगदी सहज म्हणाला, "मला जरा भोकरदनला काम आहे, जाता जाता हिला हसनाबादला सोडतो." लग्नाला एकोणीस वर्षं झाली, या माणसाला भोकरदनला काम कधी निघालं नाही. पण मी भोळी. डब्यात चिवडा भरून दिला, रंगांचा खोका दिला, ब्रश दिले आणि मोटारसायकलच्या मागे बसलेल्या त्या कारस्थानाला हात हलवून निरोपसुद्धा दिला.

चार दिवसांनी पोरगी परत आली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक, त्याला सुतळी, आणि सुतळीच्या गाठीवर चिकटपट्टी. "कुणी उघडायचं नाही," म्हणाली. सोबत मावशीने लिंबाच्या लोणच्याची बरणी दिलेली. मी रंगांचा खोका उघडून पाहिला. तांबडा संपत आलेला, हिरवा तळाला गेलेला, पिवळ्याचं झाकण रंगाने चिकटून बसलेलं. निळ्याचं सील मात्र तसंच होतं. दुकानातून आणलं तसं.

मी आक्काला फोन लावला. एरवी आमचा फोन पाऊण तासाच्या आत संपत नाही.

"आक्का, काय काय काढलंस गं?"

"चित्रं."

"अगं पण कशाची?"

"खारींची."

"बस? आणखी काही बोलणार न्हाईस?"

"कापूस वेचून राह्यलो आम्ही. बाया खोळंबल्यात." आणि फोन बंद.

खारी. कापूस. मी बरणी तशीच हातात धरून मुलीसमोर जाऊन उभी राहिले.

"कसल्या खारी गं?"

"दोन बहिणी असतात. खारी. कापसाच्या शेतात राहतात."

वाचकहो, इथे फिर्यादी बाईच्या हातून बरणी निसटता निसटता राहिली. आणि इथेच मला चाळीसेक वर्षं मागे जावं लागणार आहे. सज्जनपणाची दोन पानं संपली.

माझं माहेर धावड्याकडचं. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, एका बियाणं कंपनीसाठी कापसाचा सीड प्लॉट करायचे. नेहमीच्या कापसात फुलाचं काम फूल बघतं. सीड प्लॉटात ते माणसाने करायचं असतं. संध्याकाळी उमलायच्या बेतात असलेली कळी नखाने सोलायची, आतला पिवळा पराग धरणारा भाग अलगद काढून टाकायचा आणि देठाला दोरा बांधायचा. म्हणजे सकाळी कळतं, ही कळी तयार आहे, हिच्यावर दुसऱ्या जातीचं फूल आणून घासायचं. न सोललेल्या कळीला दोरा बांधला गेला तर तिचं बी भेसळीचं. त्याहून मोठी बदनामी प्लॉटवाल्याची होत नाही.

शाळा सुटली की आम्ही दोघीही हे काम करायचो. मी नऊ वर्षांची, आक्का बारा. दादांनी शेजारशेजारचे तास, म्हणजे झाडांच्या ओळी, वाटून दिले होते आणि काम कुणाचं ते कळावं म्हणून दोऱ्यांचे रंग वेगळे : माझा लाल, तिचा हिरवा. आक्काच्या हाताला जादू होती. कळी तिच्या बोटांत आली की आपणहून उघडते की काय असं वाटायचं. माझी अर्धी कळी नखात यायची आणि अर्धी फ्रॉकवर.

त्या वर्षी प्लॉट तपासायला कंपनीचा एक हौशी साहेब यायचा. तो म्हणाला, "पोरींनो, आठ दिवस मी बघणार. जिच्या तासात एकही चुकीची कळी नसेल तिला जालन्याहून रंगपेटी आणून देईन. बारा वड्यांची." पत्र्याची पेटी, आत बारा रंगांच्या गोल वड्या, झाकणावर मोर. ती आम्ही बाजारात काचेपलीकडे पाहिलेली होती.

आक्का तेव्हापासून भिंतीवर काढायची. कोळशाने, गेरूने. निळा रंग मिळत नाही म्हणून ती धुण्याची नीळ पाण्यात कालवायची आणि आईच्या हातचा मार खायची. साहेब गेल्या गेल्या ती मला म्हणाली, "हे बघ, पेटी तू जिंक का मी जिंकू. निळी वडी तेवढी माझी. बाकीच्या अकरा तुझ्या."

"बिलकुल," मी म्हटलं. आईच्या गळ्याची शपथसुद्धा घेतली.

याहून स्वस्त सौदा दुनियेत झाला नसेल. तरी मी काय केलं? सातव्या संध्याकाळी आक्का पाणी प्यायला विहिरीकडे गेली तेव्हा तिच्या टोपलीतून पाच हिरवे दोरे काढले आणि तिच्या तासातल्या पाच न सोललेल्या कळ्यांना बांधले. छान गाठ मारून. मला रंग नको होते. मला जिंकायचं होतं. घरात कुणीही आलं की "थोरलीचा हात बघा" म्हणायचं आणि मी शेजारी उभी असायचे. एकदा कुणीतरी धाकटीचा हात बघावा, एवढंच.

सकाळी साहेबाला पाचही सापडल्या. दादा कामावरच्या सगळ्या बायांसमोर म्हणाले, "हिच्या हातच्या कामाचा भरोसा न्हाई." आक्का एकदाच म्हणाली, "दादा, मी न्हाई केलं." तिला प्लॉटातून काढलं आणि त्या हंगामात म्हशीमागे पाठवलं. बायांना ते वाक्य फार आवडलं. पुढे तिच्या हातून साधी भाकरी करपली तरी कुणीतरी ते म्हणायचंच.

पेटी मला मिळाली. निळी वडी मी आधी संपवली. निळी शेळी काढली, निळी भाकरी काढली, पागोटं घातलेले निळे दादा काढले. तिने मागितलीच तर द्यावी लागेल म्हणून घाईघाईने चार दिवसांत संपवली. तिने मागितली नाही. एकदा माझ्या मागे येऊन उभी राहिली, चित्र पाहिलं आणि म्हशीला पाणी पाजायला गेली.

हे मी जगात कुणालाही सांगितलं नव्हतं. मग मुलीला कसं कळलं? तर मागच्या एका रविवारी आम्ही दोघी मेथी निवडत होतो. तिने विचारलं, "आई, तू कधी चीटिंग केलीयेस?" आता समोर श्रोता, हातात मेथी आणि गोष्ट तर अशी फर्मास! मला राहवलं नाही. विहिरीकडे जाणारी आक्का मी चालून दाखवली. साहेबाचा आवाज काढला. निळ्या दादांचं चित्र मेथीच्या काडीने हवेत काढलं. पोरगी हसून हसून आडवी झाली. मग उठून बसली आणि म्हणाली, "मावशीला कधी सांगितलंस?"

"सांगायचंय."

"कधी?"

"योग्य वेळी."

आणि आता ही पोरगी माझ्यासमोर उभी होती, निर्लज्जपणे चिवडा खात.

"मी तुला विश्वासानं सांगितलं होतं!" मी ओरडले.

"तूच म्हणालीस योग्य वेळी सांगणार."

"मंग?"

"मॅडमनी तारीख दिली ना."

मी नवऱ्याकडे वळले. "अहो, तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, तू गोष्ट सांगतेस तेव्हा पलीकडच्या गल्लीत ऐकू जाते," तो वर्तमानपत्रामागून म्हणाला. "मी तर आतल्याच खोलीत होतो."

"आक्का काय म्हणाली ते तरी सांग," मी मुलीला विचारलं. माझा आवाज एव्हाना पार बसला होता.

"काहीच नाही. मी अंगणात बसून वाचून दाखवली. मावशी शेंगा फोडत होती. संपल्यावर म्हणाली, रंग कोणते आणलेस दाखव."

त्यापुढचे पाच दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दिवसातून तीनदा फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. काय बोलणार? आई गेली तेव्हा दोन महिने माझ्या घरी येऊन राहिलेली बहीण. माझ्या बाळंतपणात माझे पाय चोळणारी. दर संक्रांतीला तीळ पाठवणारी. तिला फोनवर सांगायचं, की आक्का, तुझ्या हाताचा भरोसा मी घालवला? गोष्ट सांगताना मी चार बायांचे संवाद एकटी म्हणते, आणि हे एक वाक्य काही तोंडातून फुटेना. शिवाय तिला आता माहीतच होतं. आणि माहीत असूनही तिने लोणचं पाठवलं होतं, हे तर सगळ्यांत वाईट. त्या लोणच्याला मी हात लावू शकले नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मला ताप आला. थर्मामीटरला तो दिसला नाही.

शाळेच्या हॉलमध्ये पुढे सतरंजीवर बालवाडीची पोरं, मागे आम्ही पालक, प्लास्टिकच्या बुटक्या खुर्च्यांवर. आक्का पहाटेच्या एसटीने आली होती. ठेवणीतली हिरवी साडी, केसांत अबोली. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि समोर बघतच म्हणाली, "घाम का आला गं तुला? थंडी हाय."

"आक्का, मला तुला एक..."

"गप बस. पोरगी बोलून राह्यली."

आमचा नंबर आला. मुलगी माइकसमोर उभी राहिली, आक्का पुस्तक धरून पानं उलटायला. गोष्टीचं नाव, 'पाच हिरवे दोरे'. आणि वाचकहो, फिर्याद बाजूला ठेवून सांगते, असं पुस्तक मी जन्मात पाहिलेलं नाही. कापसाची झाडं अशी की हात लावावा. पागोटं घातलेली दादा-खार, बॅग घेतलेली साहेब-खार. थोरल्या खारीची बोटं एवढ्या मायेने काढलेली, त्यात कळी दिव्यासारखी धरलेली. आणि धाकटी खार. तिच्या एका वेणीची रिबीन सुटून लोंबत होती. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, प्रत्येक पानावर. माझी डावीकडची रिबीन आयुष्यात कधी बांधलेली राहिली नाही. ती रोज शाळेच्या वाटेवर आक्काच बांधायची.

धाकटी खार टोपलीतून दोरे काढते ते पान आलं. सतरंजीवरचं एक कार्टं उठून उभं राहिलं आणि बोट दाखवत ओरडलं, "मॅडम, ती चोर हाय!"

सगळा हॉल हसला. माझा नवरा सगळ्यांत मोठ्याने.

शेवटचं पान. धाकटी खार रंगपेटीवर बसलेली, एकटी. मुलीने वाचलं : "धाकट्या खारीने थोरलीला अजून काही सांगितलेलं नाही. ती योग्य वेळेची वाट पाहते आहे." आणि पुस्तक मिटलं.

"मंग?" ते कार्टं म्हणालं. "सांगितलं का न्हाई?"

मुलगी माइकपासून बाजूला झाली. ती माझ्याकडे बघत होती. आक्का बघत नव्हती. ती कव्हरवरची धूळ पदराने पुसत होती, जी तिथे नव्हतीच.

मी उभी राहिले. बुटकी खुर्ची माझ्याबरोबर थोडी वर आली, मग खाली पडली. मला वाटलं होतं, वेळ आली की मी हात जोडीन, दोन ओळी अशा टाकीन की हॉल रडेल. प्रत्यक्षात चिमणीएवढा आवाज निघाला.

"आक्का, ते दोरे मी बांधले होते. तुझी काही चूक नव्हती."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. बालवाडीसुद्धा. आक्का पुसतच राहिली. एकदा, दोनदा. मी बघत होते की आता ही वर बघेल, आणि बघू नये असंही वाटत होतं.

मराठीच्या मॅडम भल्या बाई. काहीतरी अवघड झालंय एवढं त्यांना कळलं आणि विषय बदलावा म्हणून त्यांनी आक्काच्या हातातून पुस्तक घेतलं, चार पानं उलटली आणि गोड आवाजात विचारलं, "मावशी, चित्रं फारच सुंदर आहेत हो. फक्त एक विचारू? एवढे रंग वापरलेत, मग सगळ्या पानांवर आभाळ तेवढं कोरं का ठेवलंत?"

आक्काने वर पाहिलं. मॅडमकडे नाही, माझ्याकडे. तिचे डोळे भरले होते आणि आवाज असा चढला, जसा चाळीस वर्षांत मी ऐकला नव्हता.

"निळा हिनं संपिवला न मॅडम, मंग मी आभाळ आणू कुठून!"